पाठांतराने रस्ता सापडत नाही

आमची थोरली बहीण महागाव तालुक्यात राहते. हंगामात कापूस वेचायला जाते. वेचणीचे पैसे साठवून तिने मुलाला शहरात नेटवर्किंगच्या क्लासला घातले. क्लासने प्रश्नोत्तरांचे तयार संच हाती दिले. पोराने ते रात्रंदिवस घोकले. मुलाखतीला गेला तर समोर तीन राउटर ठेवलेले. "यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत. का ते शोधा," एवढेच सांगितले. पोर घामाघूम झाले आणि परत आले.

"मामाजी, पाठ तं सगळं हाय, पण हात चालत नाई," तो म्हणाला. आईच्या डोळ्याला डोळा देईना.

आम्ही दिवाळीत तिकडे गेलो आणि आठ दिवस संध्याकाळी त्याच्याजवळ बसलो. सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग अकादमीत नाव नोंदवले की पॅकेट ट्रेसर नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात राउटर, तारा, संगणक सगळे पडद्यावर मांडता येते. जुन्या लॅपटॉपवरही तो चालतो.

वाचकांपैकी अनेकांना प्रश्न पडेल की राउटर करतो काय? महागावहून यवतमाळला जायचे तर एक रस्ता आर्णीवरून आहे, दुसरा पुसद, दिग्रस, दारव्हा असा. कोणता धरायचा हे आपण ठरवतो. संगणकांच्या जाळ्यात हे काम राउटर करतो, आणि ते ज्या नियमांनी करतो त्याला राउटिंग प्रोटोकॉल म्हणतात. रिप हा जुना प्रोटोकॉल वाटेतले राउटर तेवढे मोजतो. पंधरापेक्षा जास्त झाले की "रस्ताच नाही" म्हणतो. रस्ता डांबरी की चिखलाचा, हे तो पाहत नाही.

ओएसपीएफ तसा नाही. त्यात प्रत्येक राउटर आपापल्या तारांची माहिती इतरांना कळवतो. त्यातून प्रत्येकाजवळ आपल्या विभागाचा पूर्ण नकाशा तयार होतो आणि जो तो स्वतः सर्वात स्वस्त वाट काढतो. ही वाट काढायची रीत डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत शोधली आणि १९५९ मध्ये छापली. ओएसपीएफचा पहिला मसुदा १९८९ चा.

भाच्याने तीन राउटर मांडले आणि त्यांना नावे दिली महागाव, पुसद आणि यवतमाळ. महागाव ते यवतमाळ थेट तार १० मेगाबिटची, पुसदवरून जाणाऱ्या दोन्ही तारा १०० मेगाबिटच्या. रिप लावला तर माल थेट, मंद तारेने गेला. ओएसपीएफ लावला तर पुसदवरून गेला. कारण खर्च काढताना तो १०० ला तारेच्या वेगाने भागतो. थेट वाटेचा खर्च १०, पुसदवरून एक अधिक एक, म्हणजे दोन. मग पुसद-यवतमाळ तार तोडली. माल आपसूक थेट तारेवर आला. पोराचा चेहरा खुलला. संचातले उत्तर त्याने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले होते.

खरा अभ्यास पुढे झाला. आम्ही म्हटले, आता मुद्दाम बिघडव. शेजारी राउटर दर १० सेकंदांनी एकमेकांना "हॅलो" म्हणतात आणि ४० सेकंद हाक आली नाही तर शेजारी गेला असे धरतात. भाच्याने एका बाजूला १० चे ५ केले. थोड्या वेळात शेजार तुटला. दुसऱ्या दिवशी दोन टोकांना वेगळे विभाग क्रमांक दिले. पुन्हा तेच. मुलाखतीत अडला होता तो हाच प्रश्न! आणखी एक खोड त्याला सापडली. १०० मेगाबिट आणि १००० मेगाबिट, दोन्ही तारांचा खर्च एकच येतो. मग भागायचा मूळ आकडा सगळ्या राउटरवर सारखाच वाढवावा लागतो. प्रत्येक बिघाड, त्याचे लक्षण आणि उपाय त्याने वहीत लिहिले.

सीसीएनए परीक्षेची फी सुमारे ३०० डॉलर, कर वेगळा. कष्टकऱ्याच्या घरात ही रक्कम थोडी नाही. आणि प्रमाणपत्र तीनच वर्षे टिकते. म्हणून आमचे सांगणे एवढेच: तयार संचांवर पैसा घालू नका. आधी फुकटच्या प्रयोगशाळेत हात बसवा, मग फी भरा.

आईबापांना इंग्रजी येत नसेल तरी हरकत नाही. रोज रात्री मुलाला एकच प्रश्न विचारा, "आज काय बिघडवलं, अन् दुरुस्त कसं केलं?" आमची बहीण आता जेवताना हेच विचारते. उत्तरातले अर्धे शब्द तिला कळत नाहीत. पण पोर अडखळते कुठे, हे तिला बरोबर कळते.