मनीच्या मनातले कोणाला कळते?

आमच्या घरी मनी नावाची मांजर आहे. ती पांढरी असून तिच्या पाठीवर काळे ठिपके आहेत. घरातले सगळे म्हणतात, आम्हाला मनी पक्की माहीत आहे. पण प्रत्येकाची मनी वेगळी! आई म्हणते ती चोरटी आहे. बाबा म्हणतात आळशी आहे, नुसती झोपा काढते. मला वाटते ह्याचे कारण असे की आई चुलीपाशी असते, तर तिला मनी दुधाजवळच दिसणार. बाबा दुपारी जेवायला येतात तेव्हा मनी झोपलेली असते. रात्री ती उंदीर धरते तेव्हा बाबाच घोरत असतात. मग बघणार कोण?

मांजर डोळे मिटून दूध पिते, तिला वाटते आपल्याला कोणी बघत नाही, असे मोठी माणसे म्हणतात. मी चार दिवस वाटीसमोर बसून बघितले. मनी डोळे अर्धे मिटते हे खरे आहे. पण तिला काय वाटते ते कोणाला दिसले? मांजराला अगदी नाकाजवळचे नीट दिसत नाही, ते मिशांनी चाचपते. तर तिथे डोळ्यांचे काय काम?

कुत्रा खुशीत शेपूट हलवतो. मांजर शेपूट जोरात आपटते तेव्हा चिडलेले असते. आमच्या वर्गातली मुले नेमका तेव्हाच हात लावतात, ओरबाडून घेतात आणि वर म्हणतात मांजर दुष्ट.

गेल्या पावसाळ्यात मनी कोपऱ्यात बसून सारखी घुरघुर करत होती. आजी म्हणाली, खुशीत आहे. पण वाटी दोन दिवस तशीच भरलेली होती. मी आईला वाटी दाखवली. मग बघितले तर पंजात बाभळीचा काटा मोडला होता, पंजा सुजून टम्म! गुरांचे डॉक्टर म्हणाले, मांजर दुखत असले तरी घुरघुरते.

आता दुधाचे पातेले उपडे झाले म्हणून मनीला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडायचे चालले आहे. पातेले पाडताना कोणीच बघितले नाही. खिडकीतून एक बोकापण येतो, त्याचे नाव कोणी घेत नाही. माझे मत असे आहे की आधी पातेल्यावर जड झाकण ठेवावे, खिडकी लावावी आणि आठ दिवस बघावे.

शनिवारी पालकसभा आहे. बाबा येणार आहेत. म्हणून हे मी मोठ्या अक्षरात लिहिले आहे.

इयत्ता ४ थी