सी ड्राइव्ह लाल झालाय? आधी ब्राउझर बंद करा!

सबमिशनची आदली रात्र. साडेअकरा वाजलेत. शेवटची आकृती टाकून तुम्ही कंट्रोल-एस दाबता आणि वर्ड सांगतं, डिस्क भरलीये, फाइल सेव्ह होणार नाही. मग 'धिस पीसी' उघडायचं, सी ड्राइव्हखालची लाल पट्टी बघायची आणि हाताला लागेल ते उडवत सुटायचं. ट्रिपचे व्हिडिओ उडवायला जीव होत नाही, त्यामुळे बळी जातो तो गेल्या सेमिस्टरच्या नोट्सचा.

माझ्यावर ही वेळ थर्ड इयरला आली. लॅपटॉप दादाचा जुना, त्यात 128 जीबीची डिस्क. (आणि 128 म्हणजे स्क्रीनवर 128 दिसतच नाहीत. कंपनी मोजते हजाराच्या पटीत, विंडोज मोजतं 1024 च्या. म्हणून दिसतात 119. 256 वाल्यांना 238. तुमच्या मशीनमधून कोणी काही चोरलेलं नसतं.) रूममेट म्हणाली, "अगं, क्रोमची जुनी व्हर्जन्स पडून असतात, ती काढ." सल्ला शंभर टक्के बरोबर होता. मी क्रोमचे फोल्डर शोधत गेले, त्यात 'यूजर डेटा' नावाचा सगळ्यात जाडजूड फोल्डर दिसला आणि सरळ शिफ्ट-डिलीट मारलं. तीन जीबी मोकळे! फाइल सेव्ह झाली, आम्ही मॅगी करून खाल्ली.

सकाळी क्रोम उघडला तर कोरा करकरीत. बुकमार्क नाहीत, हिस्ट्री नाही, सेव्ह केलेला एकही पासवर्ड नाही. सिंक मी मुद्दाम बंद ठेवलं होतं, शहाणपणा म्हणून. बाकीचे पासवर्ड हळूहळू परत मिळाले. शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा मात्र मिळेना, कारण त्याचा ओटीपी जात होता बंद पडलेल्या जुन्या सिमवर. मुदत आठ दिवसांवर आलेली. ते आठ दिवस कसे काढले ते विचारू नका. फॉर्म भरला गेला, अगदी शेवटच्या दिवशी.

तेव्हापासून या विषयावर माझं ठाम मत आहे. जुनी ब्राउझर व्हर्जन्स काढायलाच हवीत, पण ते काम डिलीटच्या बटणाने कमी आणि ब्राउझर बंद करण्याने जास्त होतं. हसू नका, सांगते.

क्रोम चालू असताना त्याचं अपडेट येतं तेव्हा वापरात असलेल्या फाइल्स बदलता येत नाहीत. जेवणाऱ्या पंगतीतून माणसं उठवता येतात का? शेजारी दुसरी पंगत मांडावी लागते. तसंच नवं व्हर्जन जुन्याच्या शेजारी आपला वेगळा फोल्डर करून बसतं. सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, गुगल, क्रोम, ॲप्लिकेशन या वाटेने आत गेलात की लांबलचक आकड्यांच्या नावाचे फोल्डर दिसतील, ती ही व्हर्जन्स. एकेक फोल्डर काही शे एमबीचा. तुम्ही क्रोम पूर्ण बंद करून पुन्हा उघडला की नवं व्हर्जन सुरू होतं आणि जुना फोल्डर यथावकाश आपोआप साफ केला जातो. व्यवस्था चांगली आहे. फक्त एक अट आहे, ब्राउझर कधीतरी बंद व्हायला हवा.

आणि आपण तो बंद करतच नाही! लॅपटॉपचं झाकण पाडायचं, तो झोपला. कॉलेजला जाऊन झाकण उघडायचं, तो जागा झाला. 47 टॅब जसेच्या तसे. त्यातला एक टॅब फ्रेशर्स पार्टीच्या आधीपासून उघडा आहे आणि तो काय आहे हे आता तुम्हालाही सांगता येणार नाही. वर उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके बिचारे आधी हिरवे होतात, चारेक दिवसांनी केशरी, आठवडा उलटला की लाल. अपडेट येऊन पडलंय, मला एकदा बंद करून उघड, एवढंच ते सांगत असतात. पण आपण सिग्नलला थांबत नाही तर ठिपक्यांना काय थांबणार.

ही अपडेट्स येतात तरी किती वेळा? 2021 च्या सप्टेंबरपासून क्रोमचं मोठं व्हर्जन साधारण चार आठवड्यांनी यायला लागलं, त्याआधी सहा आठवड्यांनी यायचं. 2023 च्या ऑगस्टपासून सुरक्षेची छोटी अपडेट्स तर दर आठवड्याला येतात. म्हणजे महिनाभर क्रोम बंद न करणारा माणूस तीन-चार दुरुस्त्या दाराबाहेर उभ्या ठेवून आत बसलेला असतो. त्यात डिस्क भरलेली असेल तर आणखी गंमत. नवं व्हर्जन उतरवायला जागा नाही म्हणून अपडेट फसतं, अपडेट फसतं म्हणून जुनंच चालत राहतं.

खरा मुद्दा हा आहे. जागेचा हिशेब दुसरा. नुसता पडून राहिलेला जुना फोल्डर फक्त जागा खातो, पण चालू असलेलं जुनं व्हर्जन तुमचा घात करू शकतं. क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमचा कोड खुला आहे, कोणीही वाचू शकतं. एखादं भोक बुजवलं की ते कुठे होतं, याचा माग काढता येतो. ज्यांनी अपडेट घेतलं ते सुटले. ज्यांनी घेतलं नाही त्यांच्या घराचा मात्र जणू नकाशाच छापून आला. आणि याच ब्राउझरमध्ये तुमचं बँक खातं आहे, परीक्षेचा फॉर्म आहे, डिजिलॉकर आहे.

"पण माझे टॅब जातील ना!" नाही जाणार. सेटिंग्जमध्ये 'ऑन स्टार्टअप' शोधा आणि 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' निवडा. तरी धाकधूक असेल तर कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून सगळे उघडे टॅब एका बुकमार्क फोल्डरमध्ये कोंबा. इनकॉग्निटोतले परत येत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर आधी तो पूर्ण करा.

मग क्रोम बंद करा, पण खरोखरचा. क्रोममध्ये एक सेटिंग असतं, ज्यामुळे खिडकी बंद केली तरी तो मागे चालू राहू शकतो. सगळ्यात सोपं म्हणजे लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा. परत आलात की तीन ठिपके, हेल्प, अबाउट गुगल क्रोम. तिथे आत्ता कोणतं व्हर्जन चालू आहे त्याचा आकडा दिसेल. अपडेट बाकी असेल तर तेही तिथेच सुरू होईल. ते होऊ द्या, 'रीलाँच' दाबा. एवढं झाल्यावर मगाचचा ॲप्लिकेशन फोल्डर उघडून बघा. बहुतेक वेळा एकच आकडा उरलेला असतो. तरीही दोन-तीन असतील तर अबाउटमध्ये दिसलेला आकडा सोडून त्याहून लहान आकड्याचा फोल्डर काढायला हरकत नाही. विंडोज ॲडमिनची परवानगी मागेल, द्या. रिसायकल बिन रिकामी करायला विसरू नका, नाहीतर जागा मोकळी होणारच नाही आणि तुम्ही मला शिव्या घालाल.

चालू व्हर्जनच्या फोल्डरात हात घालू नका. त्यात 'इन्स्टॉलर' नावाचा एक उपफोल्डर असतो आणि त्यात क्रोमची एक गुंडाळलेली प्रत. ती उडवली की जागा मिळते हे खरं आहे. पण ती तिथे ठेवलेली असते ती पुढच्या अपडेटला फक्त फरक तेवढाच डाउनलोड करता यावा म्हणून. ती नसेल तर अख्खा क्रोम पुन्हा उतरवावा लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जगणाऱ्याने, म्हणजे आपण सगळ्यांनीच, हा व्यवहार करू नये.

आणि 'यूजर डेटा'? तो वेगळीकडे असतो, ॲप डेटाच्या आत. तिथे तुमचं सगळं आयुष्य आहे. व्हर्जनचा त्याच्याशी काही संबंध नाही. ॲप डेटाच्या त्याच भागात कधी कधी क्रोमची दुसरी अख्खी प्रतही सापडते. ॲडमिन पासवर्ड नसताना कोणी इन्स्टॉल केला असेल तर क्रोम तिथे जाऊन बसतो. माझी फसगत तिथेच झाली. म्हणून नियम सोपा ठेवा. आकड्याचं नाव असलेल्या फोल्डरबद्दलच विचार करायचा, शब्दांचं नाव असलेल्याला नमस्कार करून बाहेर यायचं. फायरफॉक्सवाल्यांनो, तुमच्याकडे असे फोल्डर साठत नाहीत. पण कधी 'रिफ्रेश फायरफॉक्स' केलं असेल तर डेस्कटॉपवर 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' पडलेला असेल. त्यात जुने पासवर्ड आणि बुकमार्क आहेत. आधी सगळं नव्यात आलंय का ते तपासा, मग काढा.

आता तुम्हाला ठाऊक नसलेल्या ब्राउझरांकडे वळू. डिस्कॉर्ड, व्हीएस कोड आणि अशी कित्येक ॲप्स आपापल्या पोटात एकेक क्रोमियम घेऊन फिरतात. डिस्कॉर्डच्या फोल्डरमध्ये जुन्या आकड्यांचे अवशेष हमखास सापडतात. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगवाल्यांचं तर विचारूच नका. वेब स्क्रेपिंगच्या मिनी प्रोजेक्टसाठी एकदा पपेटिअर टाकलेलं असतं, ते स्वतःचा वेगळा क्रोम उतरवून कॅशमध्ये ठेवतं. प्रोजेक्टच्या प्रत्येक नव्या प्रयत्नात व्हर्जन बदललं की आणखी एक. प्रोजेक्टला मार्क मिळून सेमिस्टर संपतं, ब्राउझर तिथेच मुक्कामाला. माझ्या एका मैत्रिणीकडे असे चार निघाले. हे मात्र बिनधास्त काढा. लागलेच तर परत येतात. एजच्या शेजारी दिसणारा 'वेबव्ह्यू' मात्र तसाच राहू द्या, त्याच्यावर दुसरी ॲप्स उभी असतात.

एवढं करून किती जागा मिळेल? कोणाला पाचशे एमबी, कोणाला दोन-तीन जीबी. 128 जीबीच्या डिस्कचं दुखणं याने कायमचं बरं होणार नाही. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे आणखी बरंच काही सापडेल. तिथल्या यादीत 'डाउनलोड्स'सुद्धा असतं, त्यावर नकळत टिक मारू नका. पण गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात फॉरमॅट मारायला लॅपटॉप देण्याआधी, किंवा 'एका क्लिकमध्ये 20 जीबी' म्हणणारं कुठलं तरी क्लीनर टाकण्याआधी, ही पंधरा मिनिटं स्वतः घालवा. क्लीनर माझ्यासारखंच आंधळेपणाने डिलीट करत नसेल कशावरून? निदान मी माझ्याच मशीनची वाट लावली.

फोनचा किस्सा उलटा आहे. 'क्रोम ॲपच्या माहितीत जा, अनइन्स्टॉल अपडेट्स दाबा, जागा मोकळी' असा सल्ला तुम्हीही कुठेतरी ऐकला असेल. जागा होते, खोटं नाही. पण बहुतेक अँड्रॉइड फोनवर क्रोम फॅक्टरीतूनच येतो आणि ती मूळ प्रत सिस्टमच्या राखीव भागात बसलेली असते. ती निघत नाही. तुम्ही काढता ते नवं व्हर्जन, आणि वापरायला लागता ते फोन बनला त्या दिवसाचं. म्हणजे जुनं फेकायला गेलात आणि नवंच फेकून आलात. फोनवर जागा हवी असेल तर क्रोमची कॅश साफ करा, अपडेट्सना हात लावू नका.

"आमच्या कॉलेजचं पोर्टल जुन्या ब्राउझरवरच चालतं" हेही ऐकते मी. इंटरनेट एक्स्प्लोरर 11 बहुतेक विंडोज 10 मशीन्सवरून 15 जून 2022 ला निवृत्त झाला. अशा जुन्या साइट्ससाठी एजमध्ये आयई मोड आहे आणि तो किमान 2029 पर्यंत चालू ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. तेव्हा एका पोर्टलसाठी अख्खा जुना ब्राउझर पाळायची गरज नाही.

राहिली कॉलेजची लॅब. पुढच्या प्रॅक्टिकलला बसाल तेव्हा क्रोमचं अबाउट उघडून बघा. 109 असा आकडा दिसला आणि तो पुढे सरकतच नसेल तर ते मशीन बहुधा विंडोज 7 किंवा 8.1 वर आहे. क्रोमचं त्या विंडोजसाठीचं शेवटचं व्हर्जन तेच, 2023 च्या सुरुवातीचं. तिथे फोल्डर उडवून काही होणार नाही, मशीनवर नवी विंडोज किंवा लिनक्स टाकावं लागेल. लॅब असिस्टंट सरांना सांगा, क्लास रिप्रेझेंटेटिव्हकडून एक अर्ज द्या. आणि तोपर्यंत त्या मशीनवर बँक उघडू नका, परीक्षेचा फॉर्म भरू नका, 'सेव्ह पासवर्ड?' असं विचारलं की 'नेव्हर' दाबा.