माणूस मागितला, किल्ला घेतला

तिगाव, पांढुर्णा, सौंसर या पट्ट्यातली माणसे नागपंचमीला पचमढीच्या नागद्वारला जातात. त्याच महादेवाच्या डोंगरात १८१८ साली याच मुलखाचा राजा गोंडांच्या आसऱ्याने लपून होता. त्याचे नाव मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई हरल्यावर नागपुरात इंग्रजांच्या कंपनी सरकारचा शब्द चालू लागला. रेसिडेंट जेन्किन्सने मार्चमध्ये आप्पासाहेबांना कैद केले. ठपका दुहेरी होता: बाजीराव पेशव्यांशी संधान आणि चुलतभाऊ परसोजींचा खून. उघड खटला झालाच नाही, थेट अलाहाबादेला रवानगी ठरली. मे महिन्यात वाटेतच शिपायाच्या वेशात ते निसटले.

पुढच्या वर्षी ते बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाकडे गेले. गड शिंद्यांचा, किल्लेदार यशवंतराव लाड. दौलतराव शिंद्यांनी उघडपणे गड सोडण्याचा हुकूम दिला, पण किल्लेदार बधला नाही. मग आप्पासाहेबांसाठी कंपनीचा वेढा पडला आणि ९ एप्रिल १८१९ रोजी गड पडला. आत आप्पासाहेब नव्हतेच! सापडले ते उघड हुकमाच्या उलट सांगणारे शिंद्यांचे पत्र. तेवढ्यावर असीरगड कंपनीने ठेवून घेतला.

पुण्याचा अनुभव याहून निराळा नाही. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने खुनाचा ठपका ठेवून पेशव्यांचे मर्जीतले त्रिंबकजी डेंगळे यांना मागितले आणि बाजीरावांनी कुरकुरत का होईना, दिले. वर्षभरात त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यातून पळाले. मग त्यांना हजर करण्याच्या बोलीवर सिंहगड, पुरंदर आणि रायगड तारण मागण्यात आले. जून १८१७ च्या तहात तर पेशव्यांना मराठी मंडळाचे पुढारपणच सोडावे लागले. आरोपी दिला तरी गेले, नाही दिला तरी गेले.

जोधपूरचे राजे मानसिंह यांनी मात्र तिसरी वाट काढली. लाहोर, मंडी असे भटकत आप्पासाहेब त्यांच्याकडे पोचले, तेव्हा जोधपूर कंपनीशी तहाने बांधलेले होते. तरीही मानसिंहांनी शरणागताला हवाली करायला नकार दिला. आप्पासाहेबांच्या वागणुकीची हमी मात्र स्वतःवर घेतली. कंपनीने ती मानली. १८४० मध्ये आप्पासाहेब जोधपुरातच वारले.

आज भारताचा १९६२ चा प्रत्यार्पण कायदा आहे. परक्या देशाने आरोपी मागितला तर आधी दंडाधिकाऱ्यापुढे चौकशी होते आणि राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी माणूस देता येत नाही. जेन्किन्स किंवा एल्फिन्स्टन यांना असा कोणताही उंबरठा ओलांडावा लागला नव्हता. म्हणून युद्धाच्या धामधुमीत बलाढ्य फौज ‘अमुक इसम आमच्या हवाली करा’ म्हणते, तेव्हा पुरावा कोणापुढे मांडला आणि त्या इसमाबरोबर आणखी काय मागितले, हे वाचकाने आधी तपासावे.

— सातपुडेकर