चॅप्लिनला ‘लहान’ करणारा माणूस

१/ चार्ली चॅप्लिनचा भटक्या दुबळा वाटतो, तो समोरच्या माणसामुळे. १९१६-१७ मध्ये म्युच्युअल कंपनीसाठी त्याने केलेल्या १२ लघुपटांपैकी ११ मध्ये समोर एकच नट होता : सहा फुटांहून उंच, धिप्पाड एरिक कॅम्बेल.

२/ १८८० साली चेशायरमध्ये जन्मलेला हा इंग्रज नट चॅप्लिनप्रमाणेच फ्रेड कार्नोच्या मंडळीतून आला. जाड भुवया आणि रोखलेली नजर हे त्याचे भांडवल.

३/ ‘ईझी स्ट्रीट’ (१९१७) पाहावा. आपले बळ दाखवण्यासाठी कॅम्बेल रस्त्यावरचा गॅसचा दिवा हातांनी वाकवतो. चॅप्लिन तोच दिवा त्याच्या डोक्यावर ओढून गॅसने त्याला गुंगवतो. ते बळ खरे वाटले नसते, तर युक्तीचा विजय पोकळ ठरला असता.

४/ २० डिसेंबर १९१७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मोटार अपघातात तो गेला. वय अवघे ३७.

५/ अशा नटाला ‘सहायक’ म्हणून तळटीपेत ढकलणे मला अन्यायाचे वाटते. हसू चॅप्लिनचे खरे. पण त्याआधीची भीती कॅम्बेलने निर्माण केली होती, आणि त्या भीतीवाचून ते हसू इतके मोकळे झाले नसते.