मुलांच्या ग्रुपवर मुले कुठे आहेत?

परवाची गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. शेजारचे गृहस्थ नुकतेच कामावरून परतले होते. बदलापूर ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर, आणि गाडीतून उतरल्यावर सोनिवलीपर्यंत रिक्षा. चाकरमान्याचा दिवस असा रुळांवरच मावळतो. दार उघडायला त्यांची आठवीतली मुलगी धावली. ती वाट पाहत होती खरी, पण वडिलांची कमी आणि त्यांच्या खिशातल्या फोनची जास्त. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गृहपाठ आला होता, आणि तो फोन सकाळपासून मुंबईत होता.

गणित साधेच होते. एक काम ८ माणसे १५ दिवसांत करतात, तर तेच काम १२ माणसे किती दिवसांत करतील? मुलीने पटापट आकडेमोड केली आणि उत्तर काढले, साडेबावीस दिवस. काहीतरी चुकते आहे हे तिला जाणवत होते, पण काय ते कळत नव्हते. तिने ग्रुपवर विचारायचे ठरवले. पण त्या ग्रुपवर फक्त शिक्षकांनाच लिहिता येते. इतरांनी वाचायचे आणि गप्प बसायचे. वडील दमलेले. ते म्हणाले, "उद्या बाईंना विचार." उद्या तिने बाईंना विचारले नाही. मैत्रिणीच्या वहीतून उत्तर उतरवून घेतले. उत्तरापुढे बरोबरची खूण आली आणि प्रकरण मिटले.

प्रकरण मिटले, पण गणित आले का? मला वाटते, या एका प्रश्नात आजच्या ऑनलाइन शिक्षणाचे सगळे दुखणे सामावलेले आहे.

आपल्याकडे हे ग्रुप घरोघर आले ते करोनाच्या काळात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही मोहीम हाती घेतली, आणि रोजचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवरून घरी येऊ लागला. 'दीक्षा' अ‍ॅपवरचे व्हिडिओ, स्वाध्याय, चाचण्या, सारे काही आले. त्या अवघड दिवसांत शिक्षकांनी केलेली धडपड विसरता येणार नाही. पण आपत्काळात घातलेली सवय आपत्काळ सरल्यावरही टिकून राहते. त्या वेळी ग्रुपचा सूचनाफलक झाला, आणि शहरांतल्या मोठ्या वर्गांच्या शाळा ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा उघडल्या तरी अनेक ठिकाणी तो सूचनाफलकच राहिला. फी कधी भरायची, गणवेश कोणता, सुट्टी केव्हा, गृहपाठ काय. सारे वरून खाली. खालून वर काही जाऊ नये, अशीच जणू व्यवस्था.

शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. साठ घरांचा ग्रुप मोकळा सोडला की काय होते, हे आपण सगळेच जाणतो. पहाटेपासून शुभ सकाळ, दुपारी कुणाच्या तरी मावसभावाने पाठवलेले औषध, रात्री राजकारण. आणि गृहपाठ त्या ढिगाखाली गडप. म्हणून शिक्षक कुलूप घालतात. त्यांचा दोष नाही. पण आईवडिलांचा ग्रुप वेगळा आणि मुलांच्या अभ्यासाची चर्चा वेगळी, हा साधा भेद आपण केलाच नाही. मोठ्यांच्या गोंगाटाची शिक्षा मुलांना झाली.

कुणी म्हणेल, मुलांना बोलायला देऊन काय साधणार? चर्चा केली म्हणून गणित येते का? येते, आणि त्याचे कारणही समजून घेण्याजोगे आहे. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांना १९९० च्या दशकाच्या आरंभी असे आढळले की, आपले विद्यार्थी परीक्षेतली उदाहरणे सोडवतात, पण त्यांच्या मुळाशी असलेली कल्पना त्यांना कळलेली नसते. एका प्रश्नावर त्यांनी दोनदा समजावून सांगितले, तरी चेहरे कोरेच. शेवटी त्यांनी मुलांना शेजाऱ्याशी बोलायला सांगितले. थोड्याच वेळात वर्गाला ते उमगले. जी गोष्ट मला कालच कळली, ती कळण्याआधी मी कुठे अडलो होतो हे मला अजून आठवते. प्राध्यापकांना ते केव्हाच विसरायला झालेले असते. म्हणून कधीकधी मैत्रीण बाईंपेक्षा चांगले शिकवते. आणि शिकवणारीचाही फायदाच होतो, कारण दुसऱ्याला सांगताना आपल्याला खरोखर किती कळले आहे ते उघडे पडते.

ऑनलाइन चर्चा नीट बांधली तर काय होऊ शकते, याची उदाहरणे आपल्या घरातच आहेत. पवईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्यूटोरियल' हा उपक्रम चालवला आहे. संगणकाचे छोटे छोटे धडे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. त्याला जोडून प्रश्न विचारण्याची जी सोय केली आहे, तीत एक मोठी खुबी आहे. प्रश्न विचारताना कोणता धडा, त्यातले कितवे मिनिट आणि कितवे सेकंद, हे सांगावे लागते. "मला काहीच समजले नाही" असे म्हणून चालत नाही. आपण नेमके कुठे अडलो ते आधी स्वतः शोधावे लागते. आणि ते शोधता शोधता अर्धे उत्तर हाती आलेले असते.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सर्वांनी वाचले. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडसाठीही ते ओळखले जातात. पण ज्यांच्या देशांत वैर आहे, अशा देशांतल्या मुलांना इंटरनेटवरून एकमेकांशी बोलायला लावणारा त्यांचा उपक्रम मला अधिक मोलाचा वाटतो. भारतातले मूल पाकिस्तानातल्या मुलाशी बोलू शकते, तर एकाच वर्गातल्या दोन मुली गणिताबद्दल का बोलू शकत नाहीत?

अर्थात, मोकळीक दिली की सारे आपोआप होते, असे मात्र कुणी समजू नये. पुण्यातच त्याचा धडा मिळालेला आहे. २०११ मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा प्रयोग झाला. हेतू उत्तम होता. पण अनेक विद्यार्थ्यांनी पुस्तकांतले आणि संकेतस्थळांवरचे मजकूर जसेच्या तसे उतरवले. ते निस्तरताना जगभरचे स्वयंसेवी संपादक मेटाकुटीला आले, आणि काही महिन्यांतच प्रयोग थांबवावा लागला. पोरांना नुसती दूषणे देऊन भागणार नाही. फळ्यावरचे वहीत आणि वहीतले उत्तरपत्रिकेत उतरवणे म्हणजेच अभ्यास, असे आपणच त्यांना वर्षानुवर्षे शिकवले. आता तर प्रश्न विचारताच अख्खा निबंध लिहून देणारी यंत्रे हाताशी आहेत. उत्तर फुकट मिळू लागले की किंमत उरते ती 'हे असे का?' या प्रश्नाची. आणि तो प्रश्न माणूस माणसाशी बोलतानाच उत्तम सुचतो.

दुसरी अडचण फोनची. 'असर' हे सर्वेक्षण ग्रामीण भागाचे आहे, पण त्याचे आकडे आपल्यालाही बोलके वाटावेत. देशाच्या ग्रामीण भागात शाळकरी मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२१ मध्ये ते ६७.६ टक्के झाले. पण घरी फोन असूनही तो हाताळायला मिळत नाही, अशी मुले त्यातही सुमारे २६ टक्के निघाली. फोन घरात असणे वेगळे आणि मुलीच्या हाती असणे वेगळे. आमच्या भागात तर तो दिवसभर लोकलने प्रवास करतो! कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती, ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर किती इमारती उठल्या ते डोळ्यांना दिसतेच आहे. या इमारतींतली कितीतरी मुले संध्याकाळी एकटीच अभ्यासाला बसतात. त्यांना फोनची गरज आहे त्याहून अधिक सोबतीची आहे.

मग करावे काय? फार खर्चाचे काही नाही. साठ जणांच्या ग्रुपऐवजी पाच-सहा मुलांचे छोटे गट करावेत. प्रत्येक गटात निदान एक फोन संध्याकाळी घरी असणारा असावा, आणि ज्याच्याकडे फोन नाही त्याने शेजारच्या सोबत्याबरोबर बसावे. आठवड्याला एकच प्रश्न, पण उतरवून चालणार नाही असा. वेळ ठरलेली, अर्धा-पाऊण तास, त्यानंतर फोन बंद. वहीचा फोटो पाठवायचा नाही. उत्तर कसे काढले ते आपल्या शब्दांत लिहायचे किंवा बोलून पाठवायचे. चुकलेल्याला हसायचे नाही. गटात एखादे मोठे माणूस असावे, पण त्याने शेवटी बोलावे. आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी त्यातली एक चांगली चूक वर्गात घ्यावी. हो, चांगली चूक! जिच्यामुळे चार जणांना विचार करावा लागला, ती चूक चांगलीच म्हणायची.

यातून शिक्षकांचे काम वाढेल, हे खरे. म्हणून इतर कागदी कामे थोडी कमी करण्याची जबाबदारी शाळांनी घेतली पाहिजे. आणि आपण पालकांनी निकालाच्या दिवशी जेवढी चौकशी करतो, त्याच्या चौथाई तरी मुलांच्या प्रश्नांची करावी.

त्या आठवीतल्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. तिच्या आईने इमारतीतल्या चार मुलींचा एक छोटा गट केला, स्वतःच्या फोनवर. पहिल्याच संध्याकाळी ते साडेबावीस दिवसांचे गणित पुन्हा निघाले. खालच्या मजल्यावरच्या मुलीने सूत्रबित्र काही सांगितले नाही. तिने एवढेच विचारले, "अगं, लग्नघरी पोळ्या लाटायला चार बायका जास्त आल्या, तर काम लवकर आटपेल की उशिरा?"

पलीकडून क्षणभर काहीच आले नाही. मग उत्तर आले, "अय्या! मग दिवस कमी व्हायला हवेत. दहा!"

या वेळी ते उत्तर तिचे स्वतःचे होते.