अटींवरचा प्रवेश

“आम्ही मुलीला शिकू देतो, फादर.” चितेगावच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या कुटुंबांतून हे वाक्य आमच्या कानी वारंवार पडते आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर मोठे समाधान असते. आमचा आक्षेप त्या समाधानालाच आहे. मुलाविषयी ‘शिकू देतो’ असे कोणी म्हणत नाही, मुलगा शिकतो. ‘देतो’ या शब्दात देणाऱ्याचा हात वर असतो आणि दिलेले परत घेण्याची सोयही त्याने राखून ठेवलेली असते.

१९३३ साली कमला भागवत या तरुणीने मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिला क्रमांक मिळवून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी. वडील आणि चुलते त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. अर्ज नाकारला गेला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. कमलाबाई थेट बंगळूरला जाऊन उभ्या राहिल्या, नकाराचे कारण विचारले आणि हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षाधीन, नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करायचे. आणि आपल्या वावराने प्रयोगशाळेतील पुरुषांचे चित्त विचलित होऊ द्यायचे नाही.

या तिसऱ्या अटीपाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. चित्त विचलित होणार पुरुषाचे आणि जामीन राहायचे मुलीने!

वर्षभराने रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार मुलींना उघडले. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. ही कथा सुखान्त म्हणून सांगितली जाते. आम्हांस ती तशी वाटत नाही. एखादा मुलगा नापास झाला तर तो एकटा नापास होतो. कमलाबाई त्या वर्षी कुठे चुकल्या असत्या, तर देशातल्या सगळ्या मुली नापास ठरल्या असत्या. हे ओझे त्यांच्या वर्गातील कोणत्या तरुणाच्या खांद्यावर होते?

आणि दार उघडले म्हणावे, तर १९७४ साली त्याच संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांना टेल्कोच्या जाहिरातीत काय वाचावे लागले? स्त्रियांनी अर्ज करू नयेत! त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले, तेव्हा कुठे मुलाखतीचे बोलावणे आले आणि पुढे त्या टेल्कोत अभियंता झाल्या.

हा हिंदू समाजाचा दोष, असे म्हणून आपल्यापैकी कोणी हात झटकू नयेत. १७३२ साली बोलोन्या विद्यापीठाने लाउरा बास्सी या कॅथलिक तरुणीला डॉक्टरेट आणि अध्यापकपद दिले. तेथील आर्चबिशप, पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झालेले कार्डिनल लाम्बेर्तीनी, तिचे पाठीराखे होते. पण नगराच्या सिनेटने ठरवले की ती स्त्री असल्याने तिने खास अनुमतीखेरीज जाहीर व्याख्याने देऊ नयेत. बाई घरीच भौतिकशास्त्र शिकवू लागल्या. प्रायोगिक भौतिकशास्त्राचे अध्यासन त्यांना मिळाले ते १७७६ मध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी. आणि त्यांचे साहाय्यक झाले त्यांचे पती.

आमच्या घरांतील अटी याहून निराळ्या नाहीत. कॉलेज जवळचेच हवे. संगणक चालेल, मेकॅनिकल नको. नोकरी करावी, पण सासरच्यांना विचारून. आणि शेवटची, सर्वांत सभ्य अट: “फार शिकली तर तिच्या तोडीचा मुलगा आपल्या समाजात मिळायचा नाही.” मराठवाड्यातील आपला समाज लहान आहे, ही अडचण खोटी नाही. पण तोड जुळवायची म्हणून मुलीचे शिक्षण छाटावे हेच का सुचते? मुलाचे वाढवावे, हे का सुचत नाही? दहावीनंतर पुस्तक मिटून मोटारसायकलवर फिरणाऱ्या चिरंजीवांना कोणी परीक्षाधीन ठेवल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

बेथानीची मरिया प्रभूच्या चरणांपाशी बसली, ती शिष्याची जागा होती. तिला स्वयंपाकघरात पाठवा, अशी मागणी खुद्द घरातूनच झाली. प्रभूने ती फेटाळली. आधी भांडी घास, मग ऐकायला ये, असेही तो तिला म्हणाला नाही.

चर्चमध्ये सणासुदीला ध्वनिक्षेपक, संगणक आणि पडद्यावर गीते दाखवणारे यंत्र मुलांकडे, तर वेदीची फुले आणि झाडलोट मुलींकडे, अशी वाटणी चालत आली आहे. ती कोणी ठरवली हे कोणीच सांगत नाही. येत्या आगमनकाळापासून यंत्रांच्या कामाच्या यादीत मुलींची नावे लागतील आणि झाडू मुलांच्या हाती येईल. ज्या पालकांना यात काही अनुचित वाटेल, त्यांनी मिस्सानंतर अंगणात कुजबुजत न बसता सरळ आमच्याकडे यावे. येताना मुलीलाही सोबत आणावे.