विश्लेषण : पूर्णा जंक्शनचा चहा आणि इंग्लंडच्या खेड्यातला पब… गावाची बसायची जागा कोण वाचवणार?

ब्रिटनमध्ये २००० साली सुमारे ६० हजार पब होते. आता ही संख्या ४५ हजारांच्या आसपास आली आहे. तिथे गावातला पब बंद पडणे ही केवळ व्यापाराची बातमी राहत नाही. तो वाचवण्यासाठी गावकरी वर्गणी काढतात, कायद्याचा आधार घेतात. मराठवाड्यातल्या पूर्णा जंक्शनसारख्या गावात हीच भूमिका चहाचे हॉटेल पार पाडते. तेही बदलत आहे, मात्र त्याची फारशी चर्चा होत नाही. या दोन्ही जागांत लोक नेमके काय शोधतात आणि कायदा त्यातले काय वाचवतो, ते पाहू.

इंग्लंडचा ‘गावचा पब’ म्हणजे नेमके काय?

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पब म्हटले की पुण्या-मुंबईतले दणदणीत संगीत आणि रात्री उशिरापर्यंतची गर्दी येते. इंग्लंडच्या खेड्यातला पब याच्या अगदी उलट असतो. ‘पब्लिक हाउस’ या शब्दांचे ते लघुरूप आहे. कमी उंचीचे छत, लाकडी बाके, थंडीत पेटलेली शेकोटी, रविवारी दुपारचे जेवण, आठवड्यातून एकदा प्रश्नमंजूषा आणि मालकाच्या पायाशी झोपलेला कुत्रा असे त्याचे चित्र. एक ग्लास बिअर घेऊन तासभर बसले तरी कोणी उठवत नाही.

लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’ या दैनिकात आपल्या आवडत्या पबचे वर्णन केले होते. चांगल्या पबचे दहा गुण त्यांनी मोजले आणि शेवटी सांगितले, की असा पब अस्तित्वातच नाही. त्या काल्पनिक पबचे नाव पुढे एका मोठ्या साखळी कंपनीने आपल्या अनेक शाखांना दिले. ज्या घरगुतीपणाची आठवण लोक काढत होते, त्याचीच पाटी साखळीवर लागली.

पूर्णेत पबची जागा चहाने का घेतली?

याचे एक कारण दारूविषयीच्या कायद्यात आणि समाजाच्या नजरेत आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. दारू विक्री परवान्यावर चालते आणि कायद्याने पिणाऱ्यालाही परवाना लागतो. परमिट रूम ही मुलाबाळांना घेऊन जायची जागा कधी झालीच नाही. उलट महिलांच्या मतदानाने गावातले दारूचे दुकान बंद करण्याची, म्हणजे ‘आडवी बाटली’ची तरतूद राज्यात आहे. त्यामुळे सकाळी पेपर वाचायला, दुपारी कोणाची वाट पाहायला आणि संध्याकाळी गप्पा मारायला उरले ते चहाचे हॉटेल.

दुसरे कारण रेल्वे. परभणी आणि नांदेड यांच्या मधोमध, दोन्हीकडून साधारण ३० किलोमीटरवर असलेल्या पूर्णा गावाची ओळखच जंक्शन अशी आहे. मनमाडहून नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारा मार्ग आणि हिंगोली, वाशिम, अकोल्याकडे जाणारा मार्ग इथे मिळतात. निजाम राजवटीपासूनचे हे मीटरगेज जाळे. मनमाडकडचा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला, अकोल्याकडचा २००८ मध्ये. जंक्शन म्हणजे गाडी बदलणे आणि गाडी बदलणे म्हणजे वाट पाहणे. पाळी संपवून आलेला रेल्वे कर्मचारी, पुढच्या गाडीचा प्रवासी, बाजाराला आलेला शेतकरी आणि हमाल यांना एकाच बाकावर बसवण्याचे काम चहाने केले.

चहाची सवयही आपोआप लागलेली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहा उद्योगाने भारतात पद्धतशीर प्रचार केला. रेल्वे स्थानकांवर स्टॉल लावले, चहा कसा करायचा याची भित्तिपत्रके चिकटवली. रूळ जिथे गेले, तिथे चहा गेला.

ग्राहक पैसे कशाचे देतो?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘तिसरी जागा’ ही कल्पना मांडली. घर ही पहिली जागा, काम ही दुसरी. जिथे मालक-नोकर किंवा नातेसंबंधाचे ओझे न घेता बसता येते, ती तिसरी. त्यांच्या उदाहरणांत इंग्लंडचा पब होताच.

मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या चहाच्या हॉटेलात ही कल्पना न वाचताही कळते. आत पाऊल टाकताच न सांगता ‘हाफ’ येतो, कमी साखरेचा कोणाचा हे पोऱ्याला पाठ असते. भिंतीवर ‘उधार बंद’ची पाटी असते आणि तिच्याखालच्या गल्ल्यात उधारीची वही. सकाळी सुशीला किंवा पोहे, दुपारनंतर भजे. पेपर एकच; त्याची पाने चार टेबलांवर फिरतात. सोयाबीनचा भाव काय निघाला, कोणाकडे मजूर लागणार, दवाखान्यात कोण आहे, गाडी किती उशिरा आहे, हे सगळे इथे कळते. कोणासाठी ठेवलेली चावी किंवा औषधाची पिशवी मालकाकडे निर्धास्त सोडता येते. या कशाचेच बिल होत नाही. बिल फक्त चहाचे होते.

मग अडचण कुठे येते?

हिशेबात. समजा, हॉटेलात १६ जणांची बसायची सोय आहे आणि चहा १० रुपयांना आहे. गिऱ्हाईक दहा मिनिटांत उठले, तर तासाला ९६ कप, म्हणजे ९६० रुपयांचा धंदा होऊ शकतो. तेच गिऱ्हाईक एका कपावर तासभर बसले, तर १६ कप आणि १६० रुपये. जागेचे भाडे, गॅसची टाकी, दूध आणि पोऱ्याचा पगार मात्र दोन्ही वेळी द्यावाच लागतो. जास्त विक्रीत दूध-साखर जास्त लागते हे धरले, तरी फरक मोठा उरतो.

म्हणजे ज्या गोष्टीमुळे लोक हॉटेलात येतात, तीच गोष्ट मालकाला महागात पडते. कागदी कपात उभ्याउभ्या चहा देणारी टपरी किंवा साखळी दुकान बसायची जागाच देत नाही, म्हणून त्यांचे गणित सोपे होते. जुन्या हॉटेलात दिवसभर सगळी बाके भरलेली नसतात, त्यामुळे थोडी बसकी गर्दी चालून जाते. पण जागेचे भाडे वाढले की पहिला घाला बाकावरच येतो.

मोबाइलनेही यात भर घातली. पेपर, बाजारभाव आणि गाडीची वेळ आता खिशात आहे. क्यूआर कोडमुळे सुट्ट्यांची कटकट संपली, तशी ‘नंतर देतो’ म्हणायची सोयही कमी झाली.

ब्रिटनमध्ये गणित वेगळे, निष्कर्ष तोच. सुपरमार्केटमधली बिअर पबपेक्षा बरीच स्वस्त मिळते. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपानबंदी आली, २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली, नंतर विजेची बिले वाढली. शिवाय गावाच्या मध्यावरची पबची इमारत घर म्हणून विकली तर अनेकदा जास्त पैसे देते.

ब्रिटनने कायद्यात काय केले?

इंग्लंडमध्ये २०११ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याने गावकऱ्यांना एक हक्क दिला. पब, दुकान किंवा सभागृह यांची नोंद ‘समाजाच्या दृष्टीने मोलाची मालमत्ता’ म्हणून करता येते. ही नोंद पाच वर्षे टिकते. मालकाने विक्री काढली, तर गावाला सहा आठवड्यांत इच्छा कळवता येते आणि मग पैसे उभे करण्यासाठी एकूण सहा महिने मिळतात. त्या मुदतीत मालक दुसऱ्याला विकू शकत नाही. मात्र गावालाच विकण्याचे बंधन त्याच्यावर नाही. ही उणीव भरण्यासाठी गावाला खरेदीचा पहिला हक्क आणि बारा महिन्यांची मुदत देणारे विधेयक २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडले गेले. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडण्यासाठी किंवा त्याचा वापर बदलण्यासाठी नियोजन परवानगीही लागते.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे पथविक्रेता कायदा, २०१४ आहे. नगरपरिषद क्षेत्रातल्या टपरीवाल्याला तो लागू होतो. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, विक्रेत्याला प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश महिला, अशा तरतुदी आहेत. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. स्थलांतर करायचे तर ३० दिवसांची नोटीस लागते.

पण पूर्णेसारख्या गावासाठी यात एक मोठी मेख आहे. हा कायदा रेल्वेच्या मालकीच्या जमिनीला, आवाराला आणि गाड्यांना लागू नाही. म्हणजे स्थानकासमोरच्या रस्त्यावर जमीन नगरपरिषदेची असेल, तर टपरीला संरक्षण आहे. काही पावलांवर रेल्वेची हद्द सुरू झाली, की ते संपते. फलाटावरचे स्टॉल रेल्वेच्या खानपान धोरणानुसार परवान्यावर चालतात आणि विनापरवाना विक्री हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे.

हा मुद्दा आता महत्त्वाचा आहे, कारण अमृत भारत स्थानक योजनेच्या यादीत पूर्णा जंक्शनचा समावेश आहे. प्रवेशद्वार, प्रतीक्षालय आणि स्थानकासमोरचा परिसर सुधारणे हा या योजनेचा भाग आहे. नको असलेली बांधकामे हटवणेही त्यात येते. प्रवाशांना मोकळी जागा मिळणे गरजेचेच आहे. पण त्या आराखड्यात बसून चहा प्यायची जागा कुठे असेल, हा प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारावा लागतो.

पक्क्या गाळ्यातल्या हॉटेलची गोष्ट आणखी वेगळी. त्याला अन्न नोंदणी लागते, दुकाने कायद्याखाली सूचना द्यावी लागते. पण गाळा विकला गेला, तर गावाला त्यात काहीही म्हणता येत नाही. थोडक्यात, आपला कायदा विक्रेत्याची रोजीरोटी जपतो, बसायची जागा नाही. इंग्लंडचा कायदा जागा जपू पाहतो, तिथे धंदा चालेल की नाही हे मात्र गावावर सोडतो.

या जागा खरेच सगळ्यांच्या होत्या का?

जुन्या हॉटेलविषयी हळवे होताना हे विसरता येत नाही. अनेक गावांत दलित गिऱ्हाइकासाठी कपबशी वेगळी असे, ती त्यालाच धुवावी लागे आणि बसायचे बाहेर. त्यामुळेच राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आला. १९५५ च्या कायद्याने असा भेदभाव शिक्षापात्र ठरवला. बाकावर कोणीही बसू शकतो, हे चहाने सहज दिलेले नाही. ते लढून मिळाले आहे.

इंग्लंडही याला अपवाद नव्हते. कृष्णवर्णीयांना आणि आशियाई लोकांना पबमध्ये प्रवेश नाकारण्यावर १९६५ च्या कायद्याने बंदी आणली. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील ‘एल व्हिनो’ या मद्यगृहात महिलांना काउंटरवर उभे राहून पेय घेता येत नसे. ते बेकायदा असल्याचे न्यायालयाने १९८२ मध्ये ठरवले.

महिलांच्या बाबतीत आपल्याकडे पाटी कुठेच नाही, नजर आहे. छोट्या गावातल्या चहाच्या हॉटेलात आजही बाई एकटी, कारणाशिवाय, पेपर वाचत बसलेली क्वचित दिसते. ‘फॅमिली रूम’चा पडदा तिला जागा देतो आणि चर्चेतून बाहेरही ठेवतो. गावाच्या अर्ध्या लोकसंख्येसाठी ही तिसरी जागा अजून उघडलेलीच नाही.

पुढे काय?

गावाला करता येण्यासारख्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. नगर पथविक्रेता समितीची बैठक होते का आणि सर्वेक्षण कधी झाले, हे नगरपरिषदेला विचारता येते. स्थानकासमोरची जमीन नेमकी कोणाची, हे मोजणीच्या नकाशावरून कळते आणि टपरीवाल्याचे संरक्षण त्यावरच ठरते. नव्या आराखड्यात सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि बाके मागता येतात. महिलांनी निर्धास्त बसावे असे वाटत असेल, तर स्वच्छतागृह आणि उजेड या दोन गोष्टी चहाच्याही आधी येतात.

बाकी हिशेब गिऱ्हाइकाच्या हातात आहे. ज्या बाकावर तासभर बसायला आवडते, तिथे दुसरा चहा सांगितला, तर वरच्या गणितातले १६० रुपये ३२० होतात.